शुद्ध मराठीतला भूकंप

लातूरला मोठा भूकंप एकदाच झाला, असं लोक म्हणतात. दुसरा मी केला. एका रविवारी, जेवणाआधी, मोबाइलवरून.

माझा हेतू चांगला होता, हे आधीच सांगून टाकतो. (त्या दिवशी हे वाक्य मी इतक्यांदा म्हटलं, की शेवटी शेवटी मलाच त्याचा संशय येऊ लागला.)

आमचं कोचिंगच्या गल्लीत मुलींचं वसतिगृह आहे. माझी बायको सुनंदा ते चालवते. एकवीस पोरींचं जेवणखाण, ताप-खोकला, टेस्टमध्ये मार्क कमी पडले की होणारी रडारड, सगळं तीच पाहते. मी निवृत्तीनंतर तिथला व्यवस्थापक आहे. म्हणजे सकाळी पाण्याची मोटर चालू करणं माझ्याकडं असतं, आणि बंद करायला विसरणंही. पोरी मुखेडच्या, हदगावच्या, जळकोटच्या. सगळ्यांना डॉक्टर व्हायचंय, आणि त्या होईपर्यंत त्यांना गरम पोळी मिळाली पाहिजे, एवढाच सुनंदाचा धर्म.

समोरच्या वसतिगृहानं इंटरनेटवर पान काढलं. रोज सकाळी सुविचार, संध्याकाळी भाजीचा फोटो. मग मीही काढलं. लिहिण्याचा मला तीस वर्षांचा अनुभव होता. पाटबंधारे खात्यात आवक-जावकला होतो. (जावक बारनिशीच्या वहीत ‘वरीलप्रमाणे’ हा शब्द माझ्याइतका सुंदर कुणी लिहिला नसेल.) दोन महिने मी रोज भरभरून लिहिलं. आणि एके दिवशी मुखेडच्या बळवंतरावांनी, म्हणजे आमच्या खोली नंबर चारमधल्या प्रियांकाच्या वडिलांनी, सगळ्यांसमोर खाली लिहिलं: ‘नाना, जेवण लई चांगलं म्हणती पोरगी. पण तुमचं लिहिणं वाचून तिला तिथं शिकायला ठेवावं का न्हाई, कळंना.’

त्याखाली चौदा जणांनी अंगठे उठवले. चौदा!

“आणखी दोघींचे बाप फोन करून विचारून राहिले,” सुनंदा म्हणाली, “नाना किती शिकलेत म्हणून. जूनला खोल्या रिकाम्या राहिल्या ना, तर एकवीस पोरींच्या पोळ्या तुम्हाला एकट्याला खाव्या लागतील. सांगून ठेवते.”

आमच्या खालच्या गाळ्यात रफिकभाईंचं झेरॉक्सचं दुकान आहे. आमचं गाऱ्हाणं ऐकून ते हसले. “नानासाब, एवढी काय फिकर? आजकाल चुका मोबाइलच काढतो. तीन ॲप हायेत. एक घ्या, झालं.”

“पण तिन्हीतलं कोणतं?”

इथं दुसऱ्या कुठल्याही गावातल्या माणसानं डोळे मिटून एक उचललं असतं. पण आम्ही लातूरचे! त्यात माझे सासरे अण्णा, जळकोटचे निवृत्त मुख्याध्यापक, मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आमच्याकडं आलेले. एका डोळ्यावर हिरवी पट्टी, दुसऱ्यात छडीचा धाक. ते गरजले, “निवड करायची तर परीक्षा घ्या! गुणवत्ता यादी लावा!”

झालं. मोबाइलमधल्या तीन ॲपांची प्रवेश परीक्षा ठरली. रफिकभाईंनी बैठक क्रमांक दिले. अण्णांनी नियम केले: एक उतारा, त्यात मुद्दाम पेरलेल्या वीस चुका, वेळ पाच मिनिटं, आणि नसलेली चूक काढली तर एक गुण वजा.

“उतारा विद्यार्थ्याच्या परिचयाचा हवा,” अण्णा म्हणाले. “परिसरातला विषय घ्या.”

“कोणता?”

अण्णांचा विषय एकच. भूकंप. तेव्हा ते भूकंपाच्या पट्ट्यातल्या एका शाळेवर होते. त्या पहाटे त्यांनी शेजारची सात माणसं हातानं उकरून बाहेर काढली होती, आणि तेव्हापासून ते जातील तिथं झोपताना फळीवर स्टीलचे पेले एकावर एक पालथे रचतात. पेले वाजले की अण्णा अंगणात. हसू नका, आमच्या इकडं त्या वयाच्या प्रत्येकाचं काही ना काही असंच आहे. ट्रक गेला तरी पाय चपला शोधतात.

तर मी कागदावर उतारा लिहिला. आमच्या गल्लीतल्या वसतिगृहाच्या भिंतीला भूकंपाच्या धक्क्यानं तडे गेले, जळकोट-मुखेडच्या पोरींना मोकळ्या जागेत काढा, कुणी घरात थांबू नका, वगैरे. वीस चुका मोजून घातल्या. मला स्वतःलाच तो फार आवडला.

पहिल्या परीक्षार्थ्यानं चार चुका काढल्या आणि जळकोट हे गावच चूक ठरवलं. अण्णांनी त्याला तिथंच नापास केलं. दुसऱ्यानं उतारा बघायच्या आधीच नाव, पत्ता, जन्मतारीख, सगळं मागितलं. “परीक्षा कोण कुणाची घेऊन राहिलंय?” म्हणत रफिकभाईंनी त्याला हॉलबाहेर काढलं. तिसरं ॲप मोबाइलच्या कीबोर्डातच बसत होतं. त्याला तपासायला मजकूर कुठंतरी टाइप करावा लागायचा. मी वरचीच जी चौकट उघडी दिसली, तिच्यात केला. (ती चौकट ‘पालक’ नावाच्या ग्रुपची होती. पण हे मला कळेपर्यंत चार वाजायचे होते.)

तिसऱ्यानं सदतीस चुका काढल्या.

“वीसच पेरल्या होत्या ना?” अण्णा.

“हो.”

“मग या सतरा कुणाच्या?”

मी म्हटलं, ॲप बोगस आहे. रफिकभाई स्क्रीनकडं बघून म्हणाले, “न्हाई नानासाब. ॲप लई होशियार हाय.” अण्णांनी खिशातून लाल पेन काढलं आणि माझा कागद स्वतः तपासायला घेतला. तेवढ्यात खाली एक प्रश्न उमटला: ‘मजकूर औपचारिक भाषेत करू का?’ चिडून मी म्हटलं, कर बाबा, तेही कर. आणि अण्णा ओरडले, “वेळ संपली! पेपर गोळा करा!”

समोर हिरवी खूण दिसत होती. बरोबरची खूण. सगळं बरोबर आहे, असं मला वाटलं. मी ती दाबली, फोन चार्जिंगला लावला आणि आम्ही तिसरा परीक्षार्थी सर्वप्रथम आल्याचा पेढा खाल्ला.

जेवायला बसून मी पहिला घास घेतो न घेतो तोच हदगावच्या माझ्या आत्येभावाचा फोन. “नाना! आधी घराबाहेर निघ! जेवतोस काय? इथं मेसेज फिरून राहिलाय!”

“कसला मेसेज?”

त्यानं वाचून दाखवला. “सर्व संबंधितांना कळविण्यात येते की, भूकंपाच्या धक्क्यांमुळे लातूर येथील कोचिंग परिसरातील वसतिगृहाच्या भिंतींना तडे गेले असून, विद्यार्थिनींना तातडीने मोकळ्या जागेत स्थलांतरित करण्यात येत आहे. नागरिकांनी इमारतीत थांबू नये.”

माझ्या हातातला घास खाली पडला. काय ती भाषा! ‘स्थलांतरित करण्यात येत आहे’! हे कचेरीतूनच आलेलं असणार! आपल्याला तर काहीच जाणवलं नाही, म्हणजे धक्का आपण पेढा खाताना होऊन गेला! मी उठलो आणि छातीत होता नव्हता तेवढा जोर लावून ओरडलो, “भूकंप! पोरींनो, बाहेर!”

एकवीस पोरी जिन्यावरून एकदम पळाल्या. घर दणाणलं. फळीवरचे पेले खणखणत खाली आले.

“वाजले! पेले वाजले!” अण्णा एका डोळ्यानं दार शोधत किंचाळले. “आला धक्का!”

आता शंकेला जागाच उरली नाही. सुनंदानं आधी गॅस बंद केला, मग पोरी मोजल्या, मग पोळ्यांची दुरडी घेतली. मी वरणाचं पातेलं घेतलं. (का, ते विचारू नका. हाताशी होतं. मोबाइल मात्र चार्जिंगलाच राहिला.) आम्हाला पळताना पाहून समोरचं वसतिगृह पळालं. त्यांना पाहून शेजारचा क्लास सुटला, आणि शे-सव्वाशे पोरं रस्त्यावर आली. एरवी ज्या झेरॉक्स मशीनला हलवायला तीन माणसं लागतात, ते रफिकभाईंनी एकट्यानं ओढत गल्लीच्या टोकाच्या मैदानात आणलं. मी घसा फुटेपर्यंत सगळ्यांना ओरडून सांगत होतो, “भिंतीपासून लांब! कळविण्यात आलंय! वरून कळविण्यात आलंय!” दोन तास मी त्या मैदानाचा पुढारी होतो. इतका मान मला नोकरीतही मिळाला नव्हता.

चारच्या सुमाराला जळकोटची जीप आली. पाठोपाठ मुखेडचा टेम्पो. टेम्पोतून बळवंतराव उतरले, पोरीला पोटाशी धरलं, रडले. सहा फुटांचा माणूस हमसून रडताना पाहून माझेही डोळे भरले. मग ते माझ्याकडं वळले.

“नाना, उपकार झाले. तुम्ही वेळेवर कळवलं.”

“मी?”

“तुमच्याच नंबरावरनं आला की मेसेज. हे बघा.”

मी बघितलं. वर माझं नाव. शेजारी माझा टोपीतला फोटो. खाली ती सगळी देखणी भाषा. म्हणजे ती हिरवी खूण बरोबरची नव्हती, पाठवायची होती. त्या दिवसाचा खरा धक्का तोच एक.

“अहो, तो... तो परीक्षेचा उतारा होता!” मी म्हणालो. “ॲपची परीक्षा घेत होतो. भूकंप वगैरे काही नाही. ते मीच लिहिलंय!”

बळवंतरावांनी माझ्याकडं पाहिलं. मग मेसेजकडं. मग परत माझ्याकडं. “हे? हे तुम्ही लिहिलंय?”

“हो!”

“नाना, दोन महिने झाले तुमचं लिहिणं वाचून राहिलोय आम्ही. उगं काहीही सांगू नका.”

जळकोटचे पालक पुढं आले. “आता भिंत झाकायला बघायले हे. वरून ऑर्डर आलेली दिसती, पोरी जाऊ नयेत म्हणून पलटी मारायले.”

मी शपथा घेतल्या. हेतू चांगला होता, म्हणून सांगितलं. जितकं सांगावं तितका संशय वाढत गेला. शेवटी चार जण भिंत बघायला आत गेले आणि नेमकी टाकीखालची चीर शोधून आले! ती चीर मोटर चालू राहून, पाणी मुरून पडलेली. पण ते कबूल करायचं म्हणजे सुनंदासमोर आणखी एक गुन्हा. मी गप्प बसलो. माझं गप्प बसणं त्यांनी पुरावा धरलं.

मग पोरींच्या बॅगा बाहेर यायला लागल्या. गाद्यांच्या वळकट्या, पुस्तकांची खोकी, भिंतीवरची वेळापत्रकं. प्रियांका म्हणत होती, “बाबा, पुढच्या रविवारी टेस्ट हाय माझी,” आणि बळवंतराव ऐकत नव्हते. पोळ्यांची दुरडी कमरेवर घेऊन सुनंदा नुसती उभी होती. आठ वर्षं तिनं एकेक पोर जोडून ते घर भरलं होतं, आणि मी ते एका बोटानं रिकामं केलं. लग्नाला पस्तीस वर्षं झाली, पण तिच्या गप्प राहण्याची मला त्या दिवशी पहिल्यांदा भीती वाटली.

“कागद!” मागून आवाज आला. अण्णा. “मूळ कागद बघा आधी!”

उत्तरपत्रिका मुख्याध्यापक कधी फेकत नाही. अण्णांनी बंडीच्या खिशातून माझा उतारा काढला. माझं अक्षर, वर लाल पेनच्या खुणा. तो त्यांनी बळवंतरावांच्या हातात दिला.

पहिली ओळ वाचताना बळवंतरावांच्या कपाळाला आठी पडली. दुसऱ्या ओळीला मिशी हलली. चौथ्या ओळीला ते टेम्पोच्या पायरीवर बसले आणि पोट धरून हसायला लागले.

“हे नानाचं हाय!” त्यांनी कागद जळकोटकरांना दिला. “हे मात्र शंभर टक्के नानाचंच हाय!”

कागद मैदानभर फिरला. एकालाही शंका आली नाही. ज्या माणसांनी माझ्या शपथांवर विश्वास ठेवला नाही, त्यांनी माझ्या दोन ओळींवर ठेवला. समोरच्या वसतिगृहाच्या मालकानं तर मोबाइलवर फोटो काढून घेतला.

“वीस मुद्दाम केल्यात हो!” मी ओरडलो.

“आणि सतरा स्वयंभू,” अण्णांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं.

बळवंतरावांनी डोळे पुसले आणि प्रियांकाची बॅग स्वतः उचलून परत आत नेऊन ठेवली. “ऱ्हाऊ द्या वहिनी पोरीला. ज्याला खरं लिहायला एवढं अवघड जातंय, तो माणूस खोटं कवा लिहिणार?” मग एकेक वळकटी आत गेली. सुनंदानं सगळ्यांना, पालकांसकट, तिथंच मैदानात वाढलं. वरण मी आणलेलंच होतं. मला मात्र तिनं शेवटी वाढलं, तेही अर्धी पोळी.

तिसरं ॲप तिनं संध्याकाळीच काढून टाकलं. पालकांनी ग्रुपवर ठरवून टाकलं, की यापुढं नानांचा मेसेज चुकांसकट आला तरच खरा धरायचा. शुद्ध आला तर लक्ष द्यायचं नाही. त्यामुळं हल्ली काहीही पाठवण्याआधी मी बारकाईनं तपासून बघतो, पुरेशा चुका आहेत ना म्हणून. आजवर एकदाही वरून घालाव्या लागलेल्या नाहीत!