मर्व्ह पास्कोचे महाग तास

मर्व्ह पास्कोने ब्रोकन हिलच्या खाणीच्या फाटकावर एकतीस वर्षं टाइमकीपरची नोकरी केली. भोंगा वाजला की खिडकी लावायची आणि नंतर धापा टाकत येणाऱ्याच्या नावापुढे लाल फुली मारायची, हे त्याचं काम. तीन मिनिटं उशीर असो की तेरा, पाव पाळीचा पगार कापला जाई. लवकर येणाऱ्याला मात्र जास्तीचं काही मिळत नसे. कुणी तसं बोलून दाखवलंच, तर मर्व्ह खिडकीतून म्हणे, "लवकर यायला तुला कुणी सांगितलं होतं?" हे वाक्य त्याचं स्वतःचं फार आवडतं होतं. निवृत्तीच्या दिवशी खाणीने त्याला एक घड्याळ दिलं. दुसरं काय देणार?

निवृत्तीनंतर हजेरी घ्यायला घरात एकटी ड्युल्सी उरली. ती त्याची बायको, वय बहात्तर, पाय सुजरे, स्वभाव शांत. बेचाळीस वर्षं त्याच्याबरोबर काढून शांत राहिलेली, म्हणजे किती शांत ते समजून घ्यावं.

आमचं हे गाव नकाशात सिडनीच्या राज्यात आणि घड्याळात अ‍ॅडलेडच्या. सिडनीत साडेआठ, तेव्हा आमच्याकडे आठ. त्यामुळे गावात कुणी वेळ सांगितली की समोरचा हटकून विचारतो, "आपले की त्यांचे?" दातांचा डॉक्टर सिडनीहून येणार असला तरी हाच प्रश्न, क्रिकेटची मॅच असली तरी हाच. न विचारणारा एकच माणूस, मर्व्ह. "वेळ एकच असते," तो म्हणे. "दोन असत्या तर मी एकतीस वर्षं काय केलं?" गावाने सिडनीची वेळ घ्यावी, असं पत्र वर्तमानपत्रात आलं की मर्व्हचं उत्तर पुढच्या अंकात ठरलेलं. अशी अकरा उत्तरं छापून आली आहेत. कात्रणं ठेवलेली आहेत.

गेल्या ऑगस्टमध्ये वीज कंपनीने नवा मीटर बसवला आणि सोबत एक पत्र धाडलं. सोमवार ते शुक्रवार दुपारी दोन ते रात्री आठ वीज महाग, युनिटला बावन्न सेंट. बाकी सगळा वेळ स्वस्त, चोवीस सेंट. हवं तर जुना सरसकट दर ठेवा, हवं तर हा घ्या. शेजारच्या स्तिपेने ते पत्र चुलीत घातलं आणि जुनाच दर ठेवला. स्तिपे पूर्वी खाणीत खाली उतरून काम करणारा, क्रोएशियन बापाचा मुलगा. घरात बायको, मुलगा, सून, दोन नातवंडं. मर्व्हने तेच पत्र फाटकात उभ्याउभ्या तीनदा वाचलं. त्याच्या चेहऱ्यावर जो आनंद आला, तसा लग्नाच्या दिवशीसुद्धा आला नव्हता, असं ड्युल्सी सांगते.

कारण आता घराला पुन्हा पाळ्या लागल्या होत्या.

फ्रिजवर तक्ता चिकटला. दोनला पाच कमी असताना मर्व्ह हातात घड्याळ घेऊन खोल्याखोल्यांतून फिरे. दोनच्या ठोक्याला कूलर बंद, शेडमधला मोठा फ्रीझर बंद, किटली कपाटात. सगळं गाव संध्याकाळी सहाला जेवतं; पास्को मंडळी आठनंतर जेवू लागली. आणि आठचा ठोका पडला की ओव्हन, वॉशिंग मशीन, इस्त्री, कूलर आणि सहा तास गप्प बसून आतलं आइस्क्रीम पातळ केलेला फ्रीझर, सगळे एकदम कामावर हजर. उन्हाळ्यात बाहेर अजून ऊन असे आणि घर रात्रपाळीसारखं धडधडत असे. मर्व्ह मधोमध उभा राहून हे ऐके. त्याच्या कानाला ते बँडसारखं लागे.

गुरुवारी क्लबात तो लोकांची बिलं वाचून देऊ लागला. न विचारता. कुणी बिअरचा ग्लास खाली ठेवला की हा विचारे, "बिल आणलंस? हा बघ, इथे 'सरासरी' लिहिलंय. म्हणजे रीडिंग घेतलंच नाही, तुझ्या कुत्र्याला घाबरून अंदाज ठोकलाय. आणि हे रोजचं भाडं बघ, दिवा न लावताही द्यावं लागतं. तुम्ही लोक बिल भरता. मी बिल वाचतो." सांगायचा ते बरोबरच असायचं, हीच पंचाईत होती. बरोबर सांगणाऱ्याला कुणी घालवून देऊ शकत नाही. फार तर दुसऱ्या टेबलावर जाऊन बसतात. तशी मंडळी बसू लागली.

नोव्हेंबरात, म्हणजे इकडच्या उन्हाळ्याच्या तोंडाशी, उन्हाने चाळिशी ओलांडली आणि ड्युल्सीचे पाय बाटल्यांसारखे झाले. दुपारी तीनला ती ओला नॅपकिन मानेवर टाकून बसे आणि भिंतीतल्या बंद कूलरकडे बघे. डॉक्टरने तिला थंडाव्यात बसायला सांगितलं होतं. मर्व्हने डॉक्टरला विचारलं होतं, "दोनच्या आधी की आठनंतर?"

एक दिवस ती म्हणाली, "मर्व्ह, स्तिपेकडे सकाळी दहापासून कूलर चालतो. सहा माणसं आहेत."

"त्याचं बिल बघशील तर घेरी येईल."

"मग बघूच की. या तिमाहीचं दोन्ही घरांचं बिल समोरासमोर ठेवायचं. आपलं कमी आलं तर मी मरेपर्यंत तोंडातून शब्द काढणार नाही. जास्त आलं तर कूलरचं बटण माझं. दोनलाही माझं, पाचलाही माझं."

मर्व्हने हसत हसत हा करार एका पाकिटाच्या मागे लिहिला, तारीख घातली, सही केली. हरण्याची शक्यता त्याला दिसली असती तर त्याने वेळही घातली असती.

बिलं नऊ फेब्रुवारीला आली. स्तिपेने आपलं कुंपणावरून दिलं, वाचलंही नव्हतं. चारशे बारा डॉलर. मर्व्हने आपलं उघडलं. चारशे सत्तेचाळीस.

तो खुर्चीत बसला. मग चष्मा पुसून पुन्हा वाचलं. मग वही काढली. सुरुवातीचं रीडिंग त्याने स्वतः टिपून ठेवलं होतं, ते जुळलं. शेवटचं जुळलं. दिवस ब्याण्णव, बरोबर. 'सरासरी' कुठे नाही. रोजचं भाडं गुणून पाहिलं, बेरीज दोनदा केली, एका सेंटचाही फरक नाही. पण महाग तासांपुढे आकडा होता एकशे अठ्ठेचाळीस युनिट. वहीप्रमाणे छोटा फ्रिज आणि एक दिवा मिळून अठरा व्हायला हवे होते. एकशे तीस युनिट कुठून आले?

"ड्युल्सी, खरं सांग. माझ्या मागे कूलर लावत होतीस?"

"तू मागे कधी गेलास? तीन महिने समोरच बसलायस."

त्याने कंपनीला फोन लावला. पलीकडे टेगन नावाची मुलगी होती. तिने गोड आवाजात सांगितलं, की तिच्याकडे अर्ध्या अर्ध्या तासाचा हिशेब दिसतो. "सर, तुमच्याकडे सोमवार ते शुक्रवार साडेसात ते आठ या वेळात वीज एकदम वर जाते. बाकी दुपारभर काहीच नाही. छानच आहे तुमचं."

"साडेसात ते आठ? त्या वेळी आम्ही दोघं ओट्यावर बसून आठ वाजायची वाट बघतो!"

"मीटर तरी तसंच म्हणतोय, सर."

मर्व्हने फोन ठेवला आणि कुंपणाकडे पाहिलं. स्तिपे पलीकडे लाल मिरच्या भाजत होता.

"स्तिपे, तुझ्याकडे साडेसातला काय चालू असतं?"

"टीव्ही. का?"

"माझ्या मीटरवरून तर नाही ना?"

स्तिपेने चिमटा खाली ठेवला. "टाइमकीपर साहेब, एकोणीसशे त्र्याऐंशी साली तुम्ही माझी पाव पाळी कापलीत, तीन मिनिटांसाठी. बायको बाळंतपणात होती म्हणून धावत आलो होतो. ती पाव पाळी वसूल करायची असती तर वीज कशाला चोरली असती? तुमचं घड्याळ चोरलं असतं."

मर्व्हने हे मनावर घेतलं नाही. त्याला पुरावा हवा होता. पुढचा अख्खा आठवडा सोमवार ते शुक्रवार त्याने बरोबर साडेसातला घराचा मेन स्विच पाडला आणि आठला वर केला. अर्धा तास छोटा फ्रिजसुद्धा बंद. शनिवारी सकाळी टेगनला फोन.

"आता सांग, या आठवड्यात साडेसात ते आठ किती?"

"आहे तेवढंच, सर. उलट थोडं जास्त. पण सात ते साडेसात मात्र अगदी शून्य आहे. त्या वेळात काही बंद केलं होतंत का?"

"सात ते साडेसात मी काहीही बंद केलेलं नाही," मर्व्ह गरजला, आणि शून्याचं काय ते विचारायच्या आत फोन आपटला. एवढं सरळ उत्तर हातात आलं होतं, आणि त्याने ते आदळून ठेवलं. मेन स्विच बंद असताना घर वीज खातं, म्हणजे चोरी उघड झाली! तो टेबलाशी बसून तक्रार लिहू लागला. कंपनीला एक, तक्रार खात्याला एक आणि एक प्रत पोलिसांना. पहिल्या प्रतीत स्तिपेचं नाव दोनदा आलं होतं.

सोमवारी दुपारचे तीन वाजून गेले होते. बाहेर त्रेचाळीस अंश. ड्युल्सी खिडकीपाशी कागदाने वारा घेत होती. बिलाच्या चार पानांपैकी पहिली दोन मर्व्ह फाइलला लावी. उरलेली फोन नंबर आणि जाहिराती म्हणून तिच्याकडे येत. उन्हाळाभर तिचा पंखा तोच. करण्यासारखं दुसरं काही नसल्यामुळे ती पंखा वाचू लागली.

"मर्व्ह, सगळ्या वेळा पूर्वेकडच्या प्रमाणवेळेप्रमाणे आहेत म्हणे. आणि उन्हाळ्यात सगळे घड्याळ एक तास पुढे नेतो, ते धरायचं नाही म्हणे."

"कोण म्हणे?"

"माझा पंखा. पान चार, तळाशी."

"त्याचा काय संबंध?"

"म्हणजे मीटर आपलं घड्याळ मानत नाही. सिडनीचंही उन्हाळी घड्याळ मानत नाही. आपल्याकडे आठ, म्हणजे सिडनीत साडेआठ; त्यातून उन्हाळ्याचा एक तास काढला की त्याच्याकडे साडेसातच वाजलेले असतात." तिने बोटांवर काही मोजलं. दिवस मोजले असावेत. "तू रोज आठच्या ठोक्याला सगळं घर चालू करत होतास, मर्व्ह. सगळं एकदम. महाग तासाचा अर्धा तास शिल्लक असताना. आणि दुपारी दोनला कूलर बंद करत होतास, तेव्हा अजून अर्धा तास स्वस्त होता."

मर्व्हने तो कागद हिसकावला. अक्षरं मुंगीएवढी होती, पण होती. त्याने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, मग मनगटावरच्या, मग खाणीने दिलेल्या. तिन्ही एकमेकांशी तंतोतंत जुळत होती.

माणूस मोडला असं वाटलं असेल, तर तसं काही झालं नाही. तीन मिनिटांनी तो उठून पेन्सिलीने आकडे मांडत होता. "एकशे तीस युनिट, दर युनिटला अठ्ठावीस सेंट जास्त. छत्तीस डॉलर चाळीस! ड्युल्सी, वजा कर. चारशे दहा साठ! घड्याळाची ही भानगड नसती तर आपण जिंकलो होतो. स्तिपेपेक्षा कमी!"

"कितीने?"

"एक डॉलर चाळीस सेंट."

ड्युल्सीने आपल्या पायांकडे पाहिलं. "मी तीन महिने वितळले," ती म्हणाली, "एक डॉलर चाळीस सेंटसाठी. तेही मिळाले नाहीत."

"आता नवा तक्ता करू. दुपारी अडीच ते रात्री साडेआठ. मग घड्याळं मागे गेली की पुन्हा..."

कुंपणापलीकडे स्तिपे पाइपने झाडांना पाणी घालत होता. खिडकी उघडी होती आणि मर्व्हचा आवाज काही लहान नव्हता. स्तिपेने पाइप बंद केला.

"म्हणजे रोज अर्धा तास आधी कामावर हजर होत होतास तू, मर्व्ह?"

मर्व्हने पेन्सिल खाली ठेवली.

"तीन महिने?" स्तिपेने हात पुसले. "लवकर यायला तुला कुणी सांगितलं होतं?"

असं म्हणून त्याने पाइप पुन्हा सुरू केला. मागच्या चाळीस वर्षांत त्याने इतक्या शांतपणे झाडांना पाणी घातलं नसेल.

ड्युल्सी उठली. ड्रॉवरमधून पाकीट काढलं आणि मर्व्हच्या तक्रारीवर, स्तिपेच्या नावावर बरोबर, पालथं ठेवलं. तारीख, करार, सही. मग भिंतीपाशी गेली आणि कूलरचं बटण दाबलं.

"सव्वातीन वाजलेत!" मर्व्ह ओरडला. "कुठल्याही घड्याळाप्रमाणे महाग आहे!"

"हो," ती म्हणाली, आणि खुर्ची वाऱ्यासमोर ओढून पाय स्टुलावर ठेवले.

मर्व्ह वही उघडून वेळ लिहायला बसला. तीन पंधरा लिहिलं. खोडलं. दोन पंचेचाळीस लिहिलं. तेही खोडलं. स्तिपेचं नाव असलेली तक्रार त्याने चार तुकडे करून टोपलीत टाकली. आपण होऊन नव्हे, ड्युल्सीने नुसतं टोपलीकडे पाहिलं म्हणून. मग थोडा वेळ बावन्न सेंटचा वारा तिच्या एकटीच्या अंगावरून जाताना बघत राहिला. ते काही त्याला सहन होईना. त्याने आपली खुर्ची उचलली आणि तिच्या खुर्चीला लावून ठेवली.

"गरम होतंय म्हणून नव्हे," तो म्हणाला. "पैसे चाललेच आहेत, तर वारा फुकट जायला नको."

"सरक थोडा," ड्युल्सी म्हणाली. "माझ्या पायांवरचा अडवतोयस."

तो सरकला.