पश्चिमेची भिंत

चंद्रिकाबाईंनी ती इमारत तोंड बघून पसंत केली होती, आणि हे त्यांनी कधी नाकारलं नाही. छत्तीस साली शरच्चंद्ररावांनी लोणावळ्यात स्टेशनजवळ नवी तिमजली इमारत उठवली, तेव्हा माणसं मुद्दाम वाट वाकडी करून बघायला जात. पुढची बाजू घडीव काळ्या दगडाची, खिडक्यांभोवती सिमेंटच्या वेली, गच्चीच्या कठड्यावर सिमेंटचेच दोन मोर. भाड्याच्या बिऱ्हाडाला मोर! चंद्रिकाबाई माहेरच्या तळेगावच्या. पार्सल कचेरीतल्या कारकुनाचा, माधवरावांचा, संसार करता करता केस पांढरे व्हायला लागले होते, आणि घराला शोभा असावी ही हौस तेवढी राहून गेली होती.

आधीच्या जुन्या घरात दर ज्येष्ठात पावसाच्या बाजूच्या भिंतींना गवताचे झाप बांधावे लागत. सगळं लोणावळंच बांधायचं. कारवीच्या काठ्यांवर गवत दाबून बसवायचं आणि ते भिंतीवर उभं आवळायचं, म्हणजे झड भिंतीला लागत नाही. पण चार महिने घर पोतं पांघरलेल्या म्हशीसारखं दिसे. झापात उंदीर, गोगलगायी, कुबट वास. नव्या जागेत आल्यावर झाप बांधणारी, जवळच्या कुरवंडे गावची बयाबाई नेहमीप्रमाणे गवताचं विचारायला आली, तेव्हा चंद्रिकाबाईंनी तिला दारातूनच परत पाठवलं. आता सिमेंटचं घर आहे म्हणाल्या. मालकांनी जागा देताना इमारतीला गवत लावायचं नाही अशी अट घातली, तेव्हाही त्यांना हसूच आलं होतं. एवढ्या देखण्या घराला गवत लावणार कोण?

आषाढ लागला आणि घराचं दुसरं तोंड दिसलं. दगड होता तो फक्त रस्त्याच्या बाजूला. पश्चिमेकडे, जिथे घाटातून चढलेला वारा थेट आदळतो, तिथे कच्च्या भाजलेल्या विटा, त्यावर मातकट वाळूचा गिलावा आणि वरून गुलाबी रंगाचा हात. गिलावा तळणीतल्या पापडासारखा फुगला आणि पोपडे पडायला लागले. उघड्या पडलेल्या विटेवर बोट फिरवलं तर भाजणीसारखं पीठ हाताला येई. मागच्या खोलीतल्या गोधड्यांना बुरशी आली. आगकाडी ओढली की गूल काडी सोडून पेटीलाच चिकटे. माधवरावांनी मालकांकडे तक्रार केली, तर नवी इमारत सुकायला वेळ घेतेच, असा निरोप आला.

तो पावसाळा त्यांनी कसाबसा काढला. पण पुढच्या वैशाखात यमू, त्यांची एकुलती लेक, पहिल्या बाळंतपणाला आली. मधल्या मजल्यावरच्या त्या बिऱ्हाडात खोल्या दोन. पुढची रस्त्यावरची, तिथेच चूल आणि तिथेच आलंगेलं. बाळंतिणीला राहायची ती पश्चिमेचीच. चंद्रिकाबाईंनी त्या भिंतीला हात लावून पाहिला. चैत्राचं ऊन खाऊनही ती आतून गारच होती. त्यांनी त्याच दिवशी कुरवंड्याला सांगावा धाडला.

बयाबाई आली ती भिंतीकडे बघत, कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"का वो काकू, मोर भिजाया लागलं व्हय?"

"मोरांना काही होत नाही. भिजतो तो माणूस. बांध मुकाट्याने."

"बांधते की. पर मालक वरडंल."

"ओरडू दे. तू जाड बांध."

झाप बांधून झाले आणि मालकांचे दिवाणजी दत्तोबा आले. मुंबईची माणसं वरच्या मजल्यावरची रिकामी जागा बघायला येणार आहेत, तेव्हा गवत उतरवा, नाहीतर जागा सोडावी लागेल, हे त्यांनी दोन वेळा सांगितलं. माधवरावांचा चेहरा पडला. रात्रीच्या जेवणापर्यंत ते एकच म्हणत राहिले, की मालकाशी वैर धरून राहायचं कुठे, पावसाळ्याच्या तोंडावर बिऱ्हाड मिळतं का. चंद्रिकाबाईंनी त्यांना ताक वाढलं आणि मालकांना इथे चहाला बोलवा, एवढंच सांगितलं.

शरच्चंद्रराव आले. टसरचा कोट, हातात छत्री. चंद्रिकाबाईंनी यमूला शेजारी बसायला पाठवलं होतं. मालकांना त्यांनी पुढच्या खोलीत थांबूच दिलं नाही, मागे नेलं. पाहुण्याला टेकायला बरं म्हणून पाट नेहमीसारखा भिंतीला लावून मांडलेला होता. शरच्चंद्ररावांनी बसण्याआधी वाकून तो हातभर पुढे ओढला. भिंतीकडे त्यांनी पाहिलंही नाही.

चंद्रिकाबाई कपबशी घेऊन तिथेच थांबल्या.

"पाट पुढे का घेतलात?"

"असंच, वहिनी."

"असंच नव्हे. या खोलीत तुम्ही आज पहिल्यांदा बसताय. भिंत अजून ओली आहे हे न बघता कळलं, कारण ती कशाची उभी केलीत ते तुम्हाला ठाऊक आहे. वर सांगता, सुकायला वेळ लागतो."

शरच्चंद्रराव छत्रीची मूठ फिरवत राहिले. मग मऊ आवाजात म्हणाले की सगळीकडे दगड लावायचा तर भाडं तुम्हाला झेपलं नसतं. बरं, गवताचंही जमवून घेऊ. मुंबईची माणसं येऊन जाईपर्यंत उतरवा, मग परत बांधा. रस्त्यावरून दिसणार नाही असं, खालच्या अर्ध्या भिंतीला.

"म्हणजे त्यांनीही तोंड बघूनच जागा घ्यायची, माझ्यासारखी," चंद्रिकाबाई म्हणाल्या. "तुमच्या कोटाला घटकाभर सोसत नाही त्या भिंतीशी माझी मुलगी तान्हं घेऊन निजणार आहे. झाप उतरणार नाही."

"मग जागा सोडा."

"बाळंतीण बाहेर पडेपर्यंत मी हलणार नाही. दत्तोबांना शिडी लावायची तर लावू दे. मी खिडकीत उभी राहते. गावाने बघावं, पोटुशी पोर आत असताना कोण काय कापतंय ते."

माधवराव दारात उभे होते. त्यांनी बायकोला गप्प करावं अशा आशेने शरच्चंद्ररावांनी त्यांच्याकडे पाहिलं. माधवरावांनी घसा खाकरला.

"चहा घ्या, निवतोय," ते म्हणाले.

मालक चहा न घेताच गेले. शिडी त्या दिवशी लागली नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. तळमजल्यावरच्या आणि वरच्या बायका मात्र येऊन गवताचं विचारून गेल्या, आणि आठवडा संपायच्या आत बयाबाई आणखी भारे घेऊन आली.

चंद्रिकाबाई छत्री घेऊन खाली उतरल्या. कोपऱ्यापाशी दगड संपून वीट सुरू होते, तिथल्या फटीतून गेल्या पावसाळ्यात सगळ्यात जास्त पाणी शिरलं होतं. पुढची बाजू नको, तेवढी तरी राहू द्या, असं माधवराव वरून हळूच म्हणाले.

"झाप कोपऱ्यावरून वळव," चंद्रिकाबाईंनी बयाबाईला सांगितलं. "चांगला दोन हात, रस्त्याच्या बाजूला. वेली झाकल्या तर झाकू देत."