मोळी उचलंल एवढं अंग

आमच्या संघटनेच्या पत्रकात पहिलंच वाक्य ठळक अक्षरात आहे: पोरींनो, पोटभर जेवा. नेकनूरच्या बाजारात मी ती पत्रकं वाटते. वाक्य बरोबर आहे. मी ते मोठ्यानं वाचत नाही, एवढंच.

नववीत असताना मी पोटभर जेवणं बंद केलं होतं. शहरातल्या बायांना वाटतं, मोबाईल बघून पोरी बारीक व्हायला निघतात. आमच्या वाडीत कारण वेगळं होतं. आमच्याकडं कोयता म्हणजे नुसतं ऊस तोडायचं हत्यार नाही, नवरा-बायकोची जोडी. एकटा पोरगा म्हणजे अर्धा कोयता. म्हणून दसऱ्याला तोडीच्या गाड्या निघायच्या आत पोरांची लग्नं उरकतात. आणि पोरगी लग्नाची झाली का, हे तिच्या वयावरनं ठरत नाही. डोक्यावर उसाची मोळी पेलंल एवढं अंग झालं, की झाली. कायद्यातलं अठरा सगळ्यांना पाठ आहे.

मला दहावी करायची होती. म्हणून अंग भरू द्यायचं नाही, असं मी ठरवलं.

"कावून जेवंना गेलीस?" माय विचारायची.

"भूक न्हाई."

"धारूरच्या किल्ल्यावर जाऊन बस मग, वारा खात."

पुढं पुढं खरंच भूक लागेना. शाळेत प्रार्थनेला डोळ्यांपुढं अंधारी यायची. बाई म्हणायच्या, नाश्ता करत जा गं.

पोळ्यानंतर पाहुणे मला बघायला आले. मी पोहे घेऊन गेले. पोराच्या आईनं माझं मनगट धरलं, जरा वर उचलून पाहिलं आणि सोडून दिलं.

"लई बारीक हाय. मोळी उचलंल का ही?"

"उचलंल की," आबा म्हणाले. "पान्याचा हंडा उचलती."

"हंड्याचं काय सांगता, पाव्हनं! फडात आमालाच हिला उचलून न्यावं लागंल."

सगळे हसले. मीपण हसले. मी जिंकले होते.

तेवढ्यात धाकटी बहीण पाणी घेऊन आली. माझ्याहून दोन वर्षांनी लहान, पण हाडापेरानं मोठी. तिला भूक लागायची आणि ती जेवायची, बाकी तिच्या मनात काही नव्हतं.

"आन् ही कोन?"

माय चुलीकडं वळली.

"ही पन आपलीच," आबा म्हणाले.

तिचं लग्न देवळात झालं, मंडपाशिवाय. मुहूर्त कुणी विचारला नाही. हळद लावताना ती मला म्हणाली, "आक्का, माझं दप्तर तू घे, त्याची चेन चांगली हाय." दसऱ्यानंतर ती ट्रॉलीत बसून गेली. मी दहावी झाले.

माझ्यामुळं तिचं झालं, असं मी म्हणणार नाही. दोघींपैकी एक त्या वर्षी जाणारच होती. बघायला आलेल्यांना विचारा, माझ्या बापाला विचारा, लग्नात जेवून गेलेल्या वाडीला विचारा.

ती अजून तोडीला जाते. आबा पारावर कौतुकानं सांगतात, पोरगी गड्याच्या बरोबरीनं मोळ्या वाहते. सभेत मी असल्याच कौतुकावर आवाज चढवते, टाळ्या पडतात. घरी आबा ते बोलायला लागले, की मला काहीच होत नाही. मी भाकरी मोडते, चावत राहते. चव लागत नाही.