हाताची घडी, पायाची उडी

विजू गेल्याचं मला सोसायटीच्या ग्रुपवर कळलं. सकाळी दूध तापत ठेवून फोन हातात घेतला, तर ‘बी विंगच्या विजयाताई यांचे झोपेत दुःखद निधन’. त्याखाली जोडलेल्या हातांची रांग आणि त्या रांगेच्या मधोमध सेक्रेटरींचा मेसेज : ‘पार्किंगमधल्या रेघा आजच पुसून घ्याव्यात, बाहेरचे लोक येतील.’ दूध उतू गेलं. विजू अजून घरातच होती हो... किळस हा शब्द मी एरवी उघड्या गटाराबद्दल वापरते. त्या सकाळी तो माणसांबद्दल वापरावासा वाटला.

ठाण्याच्या कॉलेजात आम्ही एका बाकावर बसायचो. माझे वडील खोपटच्या एसटी डेपोत मेकॅनिक, तिचे खाडीत मासेमारी करणारे. दोघींच्या घरात आम्हीच पहिल्या ग्रॅज्युएट. मी हे अजूनही कुणी न विचारता सांगते. मी सरकारी ऑफिसात चिकटले, विजूने मात्र डोंबिवलीच्या एका शाळेतला शिशुवर्ग घेतला. तिची आई म्हणाली, “बीए होऊन नाकंच पुसायची होती, तर घरातली काय कमी होती?” विजू म्हणाली, “आये, नाकं पुसून झाली की मी त्यांना पळवते.”

त्या शाळेत साडेतीन वर्षांची पोरं बाकावर बसवून ठेवायचे. जरा चुळबुळ झाली की हुकूम सुटायचा, ‘हाताची घडी, तोंडावर बोट!’ विजूला या वाक्याचा भयंकर राग. “अगं शैला, दोन्ही हातांची घडी घातल्यावर बोट कुठलं ठेवायचं? तिसऱ्या हाताचं?” मग तिने ते वाक्यच बदललं. बाईंनी ‘हाताची घडी’ म्हणायचं, पोरांनी ‘पायाची उडी’ ओरडून दोन्ही पायांनी उडी मारायची. मुख्याध्यापिकांनी तिला बोलावून सुनावलं, “बाई, पालक फी देतात ती मुलांना बसायला शिकवावं म्हणून.” पुढे शाळेच्या मैदानावर एसी हॉल उभा राहिला, त्यात मोठा पडदा आला आणि पडद्यावर पळणारा ससा. पोरं मांडी घालून ससा बघायची! विजूने राजीनामा दिला. त्या दिवशी माझ्याकडे चहा पिताना एवढंच म्हणाली, “सशाला व्यायाम आणि पोरांना मांडी... शी!”

ठाकुर्लीला आम्ही एकाच सोसायटीत घरं घेतली, ती बी विंगमध्ये, मी ए विंगमध्ये. संध्याकाळी गाड्या परतायच्या आधी खालचं पार्किंग रिकामं असतं. तिथे विजू साबणाच्या डबीतून गेरूचा खडा काढायची आणि दोन वळणदार रेघा ओढायची. झाली नदी. पलीकडे जायचं तर उडी मारून. पाय रेघेवर पडला की मगर धरणार, आणि मगर म्हणजे स्वतः विजू, गुडघ्यांवर रांगत येणारी. कधी जुनी साडी दोन खांबांना बांधून तिच्याखालून सरपटायचं. कधी बादलीत पाय बुडवून ओल्या पावलांचे ठसे उमटवायचे आणि ते वाळायच्या आत पुढच्याने त्यावर पाय ठेवत पळायचं. मला सगळ्यात आवडायचं ते भिंत ढकलणं. सगळी पोरं पाठ लावून जोर करायची, लालबुंद व्हायची आणि विजू गंभीरपणे सांगायची, “सरकली, सरकली! बोटभर सरकली!” यात विकत आणलेलं काही नव्हतं, आणि लोकांना नेमकं तेच खुपायचं. “ताई, एखादा प्रॉपर क्लास लावायला हवा,” असं म्हणणाऱ्या आया धडधाकट चार वर्षांच्या पोराला बाबागाडीतून खाली आणायच्या आणि समोर मोबाईल धरून त्याच्या तोंडात वरणभात कोंबायच्या. माझा नातू ईशानही त्यातलाच. त्याला दोन पाय जुळवून उडीच मारता येईना. विजू त्याचा हात न धरता नुसती पलीकडे उभी राहायची. ज्या संध्याकाळी तो पहिल्यांदा नदीपार गेला, त्या रात्री भाजी-भाकरी मागून जेवला. आता विजूमागे हे सगळं बंद पडणार, हीच मला भीती होती.

शोकसभा त्याच पार्किंगमध्ये झाली. फरशी ॲसिडने घासलेली, तिच्या नदीवर प्लास्टिकच्या खुर्च्या. सेक्रेटरी माइकवर म्हणाले, “ताईंची मुलांवर फार माया. त्यांच्या स्मरणार्थ आपण इथे पाहुण्यांसाठी पार्किंग करतोय.” लोकांनी माना डोलावल्या. अहो, जी बाई हयातभर पोरांना जागा मागत राहिली, तिच्या नावाने त्यांचीच जागा काढून घ्यायची, वर डोळेही पुसायचे! मग दोन मिनिटं शांतता पाळायची ठरली. पुढे बसवलेली पोरं कुजबुजत होती. सेक्रेटरी खेकसले, “ए, गप्प! हाताची घडी...”

“पायाची उडी!”

सगळी एकदम उठून उडाली. टेबल हललं, हारातली विजूही हलली. मागून कुणीतरी म्हणालं, “काय हे संस्कार!” मी मोठ्याने म्हटलं, “हेच! बाईंनी केलेले.” आणि त्या शांततेत मला हसू आवरेना, रडूही.

साबणाची ती डबी तिच्या भाचीने मला आणून दिली. आता संध्याकाळी मीच गुडघे धरत खाली उतरते. विजूची नदी डौलात वळायची, माझी गटारासारखी सरळ जाते. पोरं तरीही उड्या मारतात. रेघा रोज पुसल्या जातात, मी रोज ओढते. परवा आमच्या खेळाच्या ऐन वेळी सेक्रेटरींनी आपल्या पाहुण्यांची गाडी आणवून बरोबर नदीवर लावून घेतली आणि ते माझ्याकडे बघत उभे राहिले. मी काही बोलणार, एवढ्यात ईशानने गाडीकडे, मग त्यांच्याकडे पाहिलं आणि कळवळून म्हणाला,

“आजी, काकांची गाडी बुडाली गं.”