अक्कांचा मूळ आवाज

विकासला फोन लावला की आधी त्याच्या आईचं गाणं ऐकू यायचं. माझ्या थोरल्या जाऊबाईंनी, आमच्या अक्कांनी गायलेला पाळणा त्यानं कुणाकडून तरी मोबाईलला लावून घेतला होता. त्या दुपारी तो भोरच्या दवाखान्यात अक्कांजवळ होता. मी मार्गासनीहून फोन लावला. बराच वेळ त्यानं उचलला नाही आणि अक्का माझ्या कानात गात राहिल्या... पत्र्याच्या डब्यात तोंड घालून गावं तसा आवाज, मागं नको तेवढा घुमारा. मग गाणं मधेच तुटलं आणि विकास म्हणाला, "काकी, आई गेली."

गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच लिहायचं असतं. अक्कांबद्दल मला ते जमायचं नाही, आणि त्यांनाही ते खपलं नसतं. त्या स्वतः कुणाबद्दल चांगलं बोलल्या नाहीत. जयंतीच्या आधी विहारात बायकांच्या गाण्यांचा सराव व्हायचा, तेव्हा अक्का मधोमध बसायच्या. त्यांचा आवाज भोंग्याशिवाय ओढ्यापलीकडच्या शेतात जायचा, हे खोटं नाही. पण दुसरीचा सूर जरा हलला की त्या गाणं थांबवायच्या. एका नव्या सुनेला म्हणाल्या, "तू गायला लागलीस की तुज्या म्हायेरच्या म्हशी आटत आसतील." सगळ्या हसल्या, ती पोर रडली, आणि अक्कांनी पुढची ओळ धरली. मला तर लग्न होऊन आले तेव्हाच सांगितलं होतं, "शांते, तू नुसती टाळी वाजव. तोंड उघाडलंस तर माज्या गाण्यात खडा पडंल." मी तेच केलं. त्या आवाजाच्या शेजारी बसायला मिळायचं, तेवढं मला पुरत होतं.

साठी उलटली, वरचे दात काढून कवळी बसवली, आणि मग अक्कांनी मनात घेतलं की आपला पाळणा रेकॉर्ड व्हायला पाहिजे. भोरला एसटी स्टँडमागे जगूभाऊ नावाचे एक गृहस्थ एका खोलीत रेकॉर्डिंग करायचे. भिंतींना गोधड्या टांगलेल्या, पंखा बंद, घामाच्या धारा. अक्का गाऊन आल्या आणि गावभर सांगत सुटल्या. गाणं विकासच्या मोबाईलवर आलं, तिथून सगळ्या गावाच्या मोबाईलवर गेलं, जयंतीला डीजेवर लागलं. कुणालाच आवडलं नाही. शब्द कळेनात. डीजेवर तर नुसती धडधड, आणि तिच्या तळाशी कुठंतरी अक्का. तोंडावर कुणी बोललं नाही, पण ज्या बायका वर्षानुवर्षं टोमणे खात आल्या होत्या, त्या पदर तोंडाला लावून हसल्या. अक्कांनी ते पाहिलं.

"घाण कुणी केली त्याचं नाव मला पायजे," असं म्हणून त्या मला घेऊन निघाल्या. नसरापूरला गाडी बदलून आम्ही भोरला गेलो.

जगूभाऊंनी आमच्या मोबाईलवरचं गाणं ऐकलं आणि तोंड वाकडं केलं. "ह्यो माल माजा न्हाई. म्या दिलं ते निराळं. तुमच्या पोरानं मोबाईलवरनं धाडताना ते दाबून बारीक केलं, वर घुमारा चढवला. त्यानं जिला धाडलं तिनं आनिक फुडं. डीजेवाल्यानं खालचा दणका वाढवला, वरचा आवाज मेला. जेच्या हातात गेलं त्यानं थोडं थोडं खाल्लं. आता तुमी माज्या दारात आलाय."

"मग तुजं दाव," अक्का म्हणाल्या.

त्यांनी अक्कांच्या कानांवर हेडफोन चढवले. अक्का ताठ बसल्या होत्या. हळूहळू त्यांचे हात गुडघ्यांवरून खाली घसरले. मग हेडफोन ओढून त्यांनी माझ्या डोक्यावर बसवले. "ऐक." मी ऐकलं. फार स्वच्छ होतं. आवंढा गिळलेला, कवळीचा खट्ट आवाज, श्वास संपल्यावर ओढलेलं अक्षर, आणि वरच्या पट्टीला गेल्यावर चिरलेला, थरथरणारा, म्हाताऱ्या बाईचा आवाज. घुमाऱ्यानं आणि धडधडीनं ते सगळं झाकलं होतं. गाणं बिघडलं होतं म्हणून अक्का वाचल्या होत्या.

"यंत्र खोटं बोलत न्हाई, बाई," जगूभाऊ म्हणाले. "गळा गेलाय तुमचा. त्याला म्या काय करू?" हे सांगायची काही गरज नव्हती.

एसटीत अक्का खिडकीकडे तोंड करून बसल्या. मार्गासनी जवळ आल्यावर म्हणाल्या, "त्या मेल्याला काय बी येत न्हाई. माज्या आवाजाची माती केली." त्या दिवसापासून त्या विहारात गायल्या नाहीत. मात्र हळदीला, बारशाला, पाणवठ्यावर, जिथं चार बायका भेटतील तिथं हेच सांगत राहिल्या. आमच्या वेल्ह्याकडची माणसं जगूभाऊंकडे जायची बंद झाली. शेवटी त्यांनी खोली सोडली. ही बातमी अक्कांना कळली तेव्हा त्या भाकरी थापत होत्या. "बरं झालं," म्हणाल्या, आणि भाकरी तव्यावर टाकली.

अक्का गेल्यावर त्यांच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला जगूभाऊ न बोलावता आले. पांढरा सदरा, हातात पेनड्राईव्ह. वंदना झाल्यावर विकास तोच पाळणा लावायला निघाला होता. जगूभाऊ म्हणाले, "आज तरी मूळ लावा. समद्यांना ऐकू द्या." विकासला वाटलं, आईचा आवाज साफ ऐकू येईल. त्यानं लावला.

मांडवात कुणी हललं नाही. वरची पट्टी आली, आवाज चिरला, कवळी वाजली. बायकांनी माना खाली घातल्या. या वेळी कुणी हसलं नाही, ते जास्त वाईट होतं. विकासचा चेहरा काळा पडला. "ह्यो आईचा आवाज न्हाई. ह्या माणसानं परत बिघडवला."

जगूभाऊ माझ्याकडे वळले. "वयनी, तुमी हुता तवा. सांगा."

एवढ्या माणसांत मी कधी बोलले नव्हते. फोटोतल्या अक्का समोर होत्या. "आवाज अक्कांचाच हाय," मी म्हणाले. "ह्यांनी काय बिघडवलं न्हाई. अक्कांना बी म्हाईत हुतं."

विकास सगळ्यांसमोर म्हणाला, "आईच्या म्होरं कवा तोंड उघाडलं न्हाई तुमी, काकी. ती मेली म्हंताना आज जमलं."

जगूभाऊंनी पेनड्राईव्ह काढून खिशात घातला आणि न जेवता गेले. विकास अजून माझ्याशी बोलत नाही.

विहारात पुन्हा सराव सुरू झाला आहे. मधली जागा कुणी घेत नाही, सतरंजीचा तेवढा भाग मोकळाच राहतो. गाताना कुणाचा तरी सूर जातो. त्या जागी आम्ही सगळ्या एकदम थांबतो, खाली बघतो, काही ऐकू येतंय का म्हणून... काही येत नाही. मग जिचा सूर गेला होता तीच आधी सुरू करते, तसंच, चुकलेल्या जागेवरून, आणि आम्ही तिच्यामागे जातो.