सटवाईच्या आधी

आवाज आला तेव्हा माझ्या मांडीवर इंग्रजी शब्दकोश होता आणि धाकट्या बहिणीच्या मांडीवर तिचं बाळ. माहेरची बाळंतिणीची खोली: ओव्याच्या धुरीचा तिखट वास, शेगडीची ऊब, बंद खिडकी. आधी तांब्यातलं पाणी शहारलं. मग जमिनीच्या पोटातून ती गुरगुर आली, रिकामं पिंप कुणी डोंगराच्या आतून लोटत न्यावं तशी. डोक्यावरचे पत्रे थरथरले आणि पत्र्यांवरचे दगड सरकल्याची खरखर ऐकू आली. बहिणीने बाळावर ओणवं होऊन आपल्या पाठीचं छप्पर केलं.

डोंगरकड्याच्या या बाजूला गेली काही वर्षं जमीन अशी बोलते. कधी नुसताच आवाज, कधी त्याच्या मागोमाग धक्का. आवाज पुढे येतो, पण मागून काय येणार आहे ते सांगत नाही. वावटळीने पत्रे उडू नयेत म्हणून आम्ही त्यांवर दगड ठेवतो; धक्के बसू लागले की तेच दगड उतरवा म्हणून सांगणारे येतात. उतरवले तर वारा, ठेवले तर भूकंप. आमच्या आईने वारा अधिक वेळा पाहिला होता. दगड वरच होते.

आवाज शमला तरी माझं बोट एका शब्दावर तसंच राहिलं होतं. हार्बिंजर. कॉलेजातल्या तासासाठी मी त्याचा इतिहास वाचत होते. आज तो अग्रदूत म्हणून वापरतात, तोही बहुधा वादळाचा, साथीचा, कसल्यातरी अरिष्टाचा. मुळात मात्र तो घराचा शब्द. जर्मन कुळातले दोन शब्द, एकाचा अर्थ सैन्य, दुसऱ्याचा आसरा, एकत्र येऊन सैन्याचा तळ झाला. फ्रान्समार्गे इंग्लंडात पोचेपर्यंत त्याचा अर्थ झाला पांथस्थाला आसरा देणारा यजमान. पुढे राजाच्या स्वारीआधी गावात शिरून मुक्कामाच्या जागा ठरवणाऱ्या माणसाला तो चिकटला. हा माणूस दारांवर खडूने खुणा करी: इथे राजा, इथे सरदार. मग हळूहळू दारं पुसली गेली, खडू गेला, मुक्काम गेला. उरलं ते केवळ पुढे येणं. आसरा देणाऱ्याचा असा अपशकुन कसा झाला, या प्रश्नापाशी मी थांबले होते, आणि नेमकी जमीन गुरगुरली होती.

भाऊ शेतातून धावत आला. हळद शिजवणं चालू होतं. त्याच्या कपड्यांना त्या वाफेचा कडसर, ओल्या मातीसारखा वास होता.

"उठा, शेतातल्या शेडमंदी चला," तो म्हणाला. "तिथले पत्रे पाईपाला कसलेले हायत. ना दगड, ना भिंत."

आई दारातच उभी राहिली. "आज पाचवी हाय. पाचवी पुजल्याबिगर बाळंतीण उंबरा ओलांडत न्हाई."

"काहून पण? डोक्यावर दगड घेऊन पाचवी करून राहिली तू!"

"सटवाई आज इथं येणार, लेकराचं नशीब लिहायला. लेकरूच न्हाई दिसलं तर कुणाच्या कपाळावर लिहील ती?"

"मंग तिला लोकेशन पाठवा," बहीण म्हणाली, आणि तिचं तिलाच हसू आवरेना. टाक्यांवर हात दाबून ती हसत राहिली. आई हसली नाही.

"तुमच्या आधीचा एक गेला माझा," ती म्हणाली. "पाचवी उजाडायच्या आत. त्याचं लिहायचंच राहिलं. ह्याचं राहू देणार न्हाई मी."

पत्र्यावर एक दगड पुन्हा करकरला, कदाचित उन्हाने. आम्ही सगळ्यांनी वर पाहिलं. बाळ झोपेत ओठ चोखत होतं. त्याच्या टाळूवरची मऊ जागा वरखाली होत होती.

मी शब्दकोश मिटला.

"आई, मी पुढं जाते," मी म्हणाले. "शेड झाडून घेते, वरवंटा मांडते, दिवा लावते. जाताना वाटेवर हळदीचे हात उमटवत जाते. ती खुणा बघत येईल."

आई म्हणाली, "उंबऱ्यावर पण लाव. न्हाईतर घरातच शोधत बसंल."

नव्या हळदीची पूड पाण्यात कालवून मी निघाले. काखेत फडक्यात बांधलेला वरवंटा, एका हातात हळदीची वाटी, दुसऱ्या हातातून पिवळं पाणी मनगटावर ओघळत होतं. उंबरा, कडुनिंबाचं खोड, विहिरीचा कठडा, शेडचा लोखंडी खांब. प्रत्येक ठिकाणी तळवा टेकताना मी क्षणभर थांबत होते, खालून काही येतंय का ते हातानेच ऐकत.

दिवेलागणीला बहीण आली, भावाच्या आधाराने; मागून आई, बाळाला पदरात घेऊन. शेडभोवती ताणलेल्या हिरव्या जाळीच्या आडोशाला वरवंट्यावर हळदकुंकू वाहिलं, पुढे कोरा कागद आणि लेखणी ठेवली. आईने हात जोडले, आणि तेव्हाच ते पिंप पुन्हा लोटलं गेलं. या वेळी मागोमाग धक्का आला. दिव्याची ज्योत आडवी झाली. गावाच्या दिशेने पत्र्यांचा खणखणाट उठला, माणसांची हाकाटी, मग शांतता.

भाऊ घराकडे धावला. परतला आणि म्हणाला, "भिंती उभ्या हायत. दोन दगड पडले. दारापुढं, उंबऱ्याला लागून. पळत बाहेर आलो असतो तर बराबर तिथंच."

बहिणीने बाळ छातीशी ओढलं. आईने मात्र वेगळंच विचारलं.

"उंबऱ्यावरचा हात हाय का?"

"हाय."

"मंग सापडंल तिला," ती म्हणाली, आणि संध्याकाळभर ताठ असलेली तिची पाठ पहिल्यांदा खांबाला टेकली.

सकाळी जाळीतून हिरवट उजेड आला. बाळाच्या कपाळावर एक पिवळा, पुसटसा डाग होता. आदल्या संध्याकाळी त्याला घेताना माझीच बोटं लागली असणार. मी पदर ओला करून पुसायला वाकले.

आईने माझं मनगट धरलं. "ऱ्हाऊ दे," ती म्हणाली.