गावकीचा राष्ट्रपती

जोमा नाखवाने होडीतून हाक मारली की उरणच्या खाडीचे दोन्ही काठ दचकत. पण गावकीच्या बैठकीत हा माणूस तोंडाला कुलूप लावून बसे. पंच तावातावाने भांडून निकाल ठरवीत आणि अध्यक्ष म्हणून नाखवा तो उभा राहून सांगे. त्याने सांगितल्याशिवाय निकाल लागू होत नसे. "गादीवर बसल्यावर सोताचा मत घरी ठेवाचा," असं तो म्हणायचा.

मी तिथे शाळामास्तर, साताऱ्याकडचा. संध्याकाळी त्याला वर्तमानपत्र वाचून दाखवी. एकोणीसशे साठच्या सुमारास दिल्लीत वाद चालला होता, राष्ट्रपतींनी मंत्र्यांचं ऐकलंच पाहिजे का?

"आन नाय पटला तं?" नाखवाने विचारलं.

"कायदा एकदा परत पाठवता येतो. पुन्हा आला, की सही करावीच लागते."

"बरा हाय," तो म्हणाला. मला वाटलं, म्हातारा वेळ घालवतोय!

चार दिवसांनी पंचांनी हिराबायला वाळीत टाकायचं ठरवलं. ही विधवा बाई घराच्या वाटणीसाठी गावकीला डावलून पनवेलच्या कोर्टात गेली होती. आता तिला कुणी पाणी देणार नाही, तिच्या घरचं घेणार नाही, मेली तर खांदासुद्धा नाही.

नाखवा म्हणाला, "आजून एकदा इचार करा."

पंचांनी केला. तोच निकाल पुन्हा आला. नाखवा उठला, खणखणीत आवाजात निकाल सांगितला, डोक्यावरची लाल टोपी पंचांपुढे ठेवली. "गादीचा काम जाला. आता जोमाचा." आणि सरळ हिराबायच्या दारात जाऊन म्हणाला, "पोरी, पानी दे."

"नाखवा, तुमालाबी वाळीत टाकावा लागल!" पंच ओरडले.

"टाका की. नियमच हाय."

नागरिकशास्त्र मी वर्षानुवर्षं शिकवत होतो, पण ते असं चालताना कधी पाहिलं नव्हतं.

पंचांनी त्याला खरंच वाळीत टाकलं. दोन वर्षं गाव त्याच्याशी बोललं नाही, आणि त्याने कुणाला बोल लावला नाही. मग एका सकाळी तो गेला. हिराबाय आणि मी त्याच्याजवळ बसलो होतो. बघता बघता अंगण भरलं. पंच मान खाली घालून पुढे आले, तिरडीला हात लावू लागले.

हिराबाय आडवी उभी राहिली. "पयला माजे घरचा पानी पिया. मंग खांदा द्या."

कुणी हललं नाही. मग सगळ्यात म्हाताऱ्या पंचाने तिच्यापुढे ओंजळ धरली.